जिन्याखाली चोवीस बाटल्या

शनिवारी दुपारी अडीचच्या सुमाराला, चहात बिस्कीट बुडवता बुडवता चंदाबाईंनी मुलाला सांगितलं की त्याच्या सरबतात त्यांनी साखर घातली आहे.

"कुठल्या सरबतात?" जगदीश लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

"तुझ्या त्या. जिन्याखालच्या. कडू होतं रे, कडूजहर! लोकांना असलं प्यायला देतात का? प्रत्येक बाटलीत दोन-दोन चमचे घातली. आणि नीट हलवली, नाहीतर खाली बसते मेली."

जगदीशने मान वर काढली.

"कधी?"

"झाले की आठ-नऊ दिवस. तू भरून ठेवल्यास त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू ऑफिसला गेलेलास. आता फ्रिजमध्ये टाकू या का चार-पाच? उद्याला गार होतील."

जगदीशने चहाचा कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर वाजला.

जगदीश एकोणपन्नास वर्षांचा होता आणि इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या एका बिझनेस पार्कमध्ये, एका विमा कंपनीत रिस्क मॅनेजर होता. एखादी वाईट गोष्ट घडण्याची शक्यता किती आणि घडलीच तर नुकसान किती, याचे एक ते पाच आकडे ठरवायचे, त्यांचा गुणाकार करायचा आणि येईल तो चौकोन हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंगवायचा, हे त्याचं काम. एकवीस वर्षांत त्याने शेकडो चौकोन लाल रंगवले होते. त्यातला एकही त्याच्या घरी आला नव्हता. याखेरीज तो गावातल्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी होता. महिन्यातून एका रविवारी कोणाच्या तरी घरी वंदना असे, पंचशील जगदीश सांगे आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणत. आवाज त्याचा चांगला होता. फक्त पाचव्या शीलापाशी, मद्यापासून दूर राहण्याच्या, त्याला हल्ली खोकला येई. लोक म्हणत, इथली हवाच दमट.

खोकला चार वर्षांपूर्वी सुरू झाला. त्याआधी सतरा वर्षं ऑफिसच्या प्रत्येक पार्टीत तो ऑरेंज ज्यूस पीत आला होता. मग एका सहकाऱ्याच्या निरोपाला, पबमध्ये ज्यूस संपला होता म्हणा किंवा जगदीशचा धीर संपला होता म्हणा, त्याने 'ग्रे हेरन' नावाच्या पेल एल बिअरचा एक घोट घेतला. संत्र्याची साल, भाजलेली पोळी आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा. त्याला ती आवडली. हीच मोठी पंचाईत झाली. नावडली असती तर पाप करून मोकळा झाला असता.

विकत आणावी तर सोय नव्हती. सुपरमार्केटात बाटली स्कॅन केली की मशीनवर लाल दिवा लागतो आणि गिऱ्हाइकाचं वय तपासायला जी मुलगी धावत येते ती शनिवारी मंडळातल्या वैजयंतीताईंची सून असे. रिकाम्या बाटल्या काचेच्या रिसायकलिंगला टाकाव्यात तर मंगळवारी सकाळी त्यांचा खळखळाट अख्ख्या गल्लीला ऐकू जाई. तेव्हा जगदीशने विचार केला, आपण केमिस्ट्रीचे एमएस्सी. आपण करून बघू. प्रयोग म्हणून. इंटरनेटवर कोणी एकाने ग्रे हेरनची हुबेहूब नक्कल कशी करायची ते लिहून ठेवलं होतं, आणि ते फारच सोपं होतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, हॉप म्हणजे कडू सुकी फुलं, यीस्ट आणि पाणी. प्रयोगाला शील लागू होतं का, याबद्दल त्या पानावर काही म्हटलेलं नव्हतं.

बारा लिटर झाली. गॅरेजमधल्या झाकणाच्या बादलीत दोन आठवडे बुडबुडली, मग त्याने ती चिनी मातीच्या झाकणाच्या, तारेचा चाप असलेल्या चोवीस बाटल्यांत भरली. गॅरेज थंडी पडली की गारठतं आणि यीस्टला ऊब लागते, म्हणून बाटल्या जिन्याखालच्या कपाटात आणल्या. तिथे त्याच संध्याकाळी झाडू शोधायला गेलेल्या चंदाबाईंना त्या दिसल्या.

"हे काय रे?"

"आल्याचं सरबत," जगदीश म्हणाला. तोंडातून निघालं ते निघालं, मग थांबवेना. "इंग्लिश पद्धतीचं. मुरावं लागतं. रविवारच्या वंदनेला लोक येतील ना, त्यांना द्यायला."

चंदाबाईंनी कपाटात नाक घातलं होतं. क्षणभर तिथेच थांबल्या होत्या. मग "बरं" म्हणाल्या होत्या.

आयत्या वेळी सरबत नासलं म्हणून सांगायचं आणि मँगो स्क्वॉश द्यायचं, असा त्याचा बेत होता. बेतात साखर नव्हती.

म्हणजे साखर होती, पण मोजून. बाटलीत भरताना बिअरला थोडी साखर द्यावीच लागते. यीस्ट ती खातं, गॅस सोडतं, बाटली बंद असल्याने गॅसला जायला जागा नसते आणि म्हणून ओतताना फेस येतो. ती थोडी म्हणजे किती, हे जगदीशने स्वयंपाकघरातल्या काट्यावर बहात्तर ग्रॅम असं मोजलं होतं, अख्ख्या बारा लिटरला. आता त्याने मनातल्या मनात आईचा चमचा डोळ्यांपुढे आणला. आई चमचा घेते तो शीग लावून. दोन चमचे. गुणिले चोवीस. वर घर तेवीस डिग्रीवर, कारण सहा आठवड्यांपूर्वी मुलुंडहून आल्यापासून आईला थंडी वाजत होती. आणि नऊ दिवस.

तो बाथरूममध्ये गेला आणि कडी लावून फोनवर शोधलं. शोधलं नसतं तर बरं झालं असतं. कोणाच्या तरी गॅरेजच्या छतात रुतलेला बाटलीचा गळा. कोणाच्या तरी हाताला घातलेले एकोणीस टाके. एकाने लिहिलं होतं, अशा बाटलीला हातही लावू नका, उघडायला तर जाऊच नका. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारची फुटते. त्याखाली दुसऱ्याने हसरा चेहरा टाकला होता.

जगदीश बाहेर आला. चंदाबाई आपल्या जागी बसल्या होत्या.

ही जागा नीट समजून घ्यायला हवी. चंदाबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून खालच्या डायनिंग रूममध्ये त्यांचा पलंग टाकला होता. त्या खोलीचा रेडिएटर जिन्याच्या भिंतीला. पलंग रेडिएटरला चिकटून, पलंगावर चंदाबाई आणि त्यांची पाठ भिंतीला. भिंतीच्या पलीकडे बाटल्या. भिंत म्हणजे या देशातली नवीन घराची भिंत. मागल्या वर्षी फोटो लावायला खिळा मारला तर खिळ्याबरोबर बोटही आत गेलं होतं. चंदाबाईंचं डोकं आणि चोवीस बाटल्या यांच्यामध्ये दोन पुठ्ठे आणि थोडी हवा होती. त्या तिथे निवांत बसून उद्याच्या खिरीसाठी काजूचे तुकडे करत होत्या.

भिंतीतून बारीक आवाज आला. सुरीने साल सोलावी तसा. सिस्स.

"आई," जगदीश म्हणाला, "चल, गार्डनमध्ये बसू. ऊन आलंय."

चंदाबाईंनी खिडकीकडे बघितलं. बाहेर राखाडी होतं. "कुठाय ऊन?"

"येईल आता."

"आलं की सांग."

सगळं खरं सांगायचं तर एक वाक्य पुरेसं होतं. पण त्या वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य होतं, आणि जगदीश त्याला भीत होता. आईने साखर घातली, म्हणजे आधी चव घेतली. चव घेतल्याशिवाय ही बाई डाळीत मीठ घालत नाही. ज्या बाईने पंचवीस वर्षं वस्तीतल्या महिला मंडळाबरोबर हातभट्ट्या फोडल्या, गटारात पिंपं उलटी केली, एकदा गुत्तेवाल्याच्या माणसाकडून मनगट मोडून घेतलं, पण सत्तर वर्षांत एक थेंब ओठाला लावला नाही, तिला तिच्या मुलाने स्वतःच्या घरात दारू चाटवली होती. तिला भिंतीपासून हलवायचं तर हे सांगायला हवं. नाही सांगितलं तर ती तिथेच बसेल.

त्याने रिस्क मॅनेजर म्हणून विचार करून पाहिला. दोन्ही चौकोन लालच निघाले.

"आई, वर जाऊन पड ना जरा. भावनाच्या खोलीत टीव्ही लावून देतो." भावना, त्याची बायको, हॉस्पिटलच्या फार्मसीत आठपर्यंत ड्युटीवर होती.

"वर?" चंदाबाईंनी पाय लांब केले. "बरं, चल. हात दे."

त्या उठल्या, आणि जगदीशच्या लक्षात आलं की वर जायचं म्हणजे जिन्यावरून. जिना कपाटाच्या डोक्यावर. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, दणादण, मिनिटाला एक पायरी.

"नको! नको नको. बस."

"अरे, उठवतोस काय, बसवतोस काय!"

"बस म्हटलं ना. इथे नको, तिकडे बस. खुर्चीवर. दाराजवळ."

"तिथे वारं लागतं," म्हणून त्या परत होत्या तिथेच बसल्या. पाठ भिंतीला टेकताना नेहमीसारखा धप्प आवाज झाला. जगदीशने डोळे मिटले. काही झालं नाही. उघडले.

मग त्याला सुचलं ते बॉयलर. "आई, गॅसचा वास येतोय मला. लीक असेल. बाहेर जावं लागेल आपल्याला."

चंदाबाईंनी नाक वर करून हुंगलं. "मला नाही येत. पण असेल तर गॅस बंद कर बाबा. मी बसते स्वेटर घालून."

इतकी समजूतदार आई असली की माणसाला खोटं बोलणंही धड जमत नाही.

जगदीश स्वयंपाकघरात गेला. ओव्हनचे जाड हातमोजे चढवले. गॅरेजमधून सायकलचं हेल्मेट आणलं. डोळ्यांना काही हवं म्हणून सुट्टीतल्या पोहण्याचा गॉगल लावला आणि वर हिवाळी कोट गळ्यापर्यंत बंद केला. एकेक बाटली उचलून गारेगार गॅरेजमध्ये नेऊन ठेवायची. चोवीस फेऱ्या. तो कपाटापुढे उभा राहिला आणि मोज्यातला हात कडीवर ठेवला.

कडी कोमट लागली. मोज्यातून कोमट कशी लागेल, हे त्याला कळत होतं, तरी लागली. आतून आता दोन ठिकाणहून सिस्स येत होतं, एक बारीक, एक जाड, एकमेकींशी कुजबुजल्यासारखं. पोहण्याचा गॉगल आतून धुरकटला. केमिस्ट्रीतलं आता एवढंच आठवत होतं की काच ताणाखाली आधी काही दाखवत नाही. तडा, खूण, काही नाही. असते, आणि मग नसते.

"कुठं निघालास?"

चंदाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात काजूची वाटी. त्यांनी मुलाला हेल्मेटपासून चपलांपर्यंत बघितलं. कपाटाच्या दारापासून त्या चार फुटांवर होत्या, आणि ते दारही पुठ्ठ्याचंच.

"आई, मागे हो."

"का?"

"मागे हो म्हणतोय ना!"

"ओरडतोस काय? झुरळ आहे का?"

"आई, त्यात दारू आहे."

त्याने गॉगल कपाळावर चढवला.

"सरबत नाहीये ते. बिअर आहे. मी केलेली. तू साखर घातलीस, त्याने बाटल्या फुटणार आहेत. कधीही. तुझं डोकं भिंतीला—"

चंदाबाईंनी वाटीकडे बघितलं. मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे.

"मी चाखलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

तेवढ्यात पहिली फुटली.

आवाज बंदुकीसारखा वगैरे नव्हता. जड दार कोणी रागाने आपटावं तसा होता, आणि त्यामागून काचेचा पाऊस. कपाटाचं दार आतून थोबाडीत बसल्यासारखं हललं. हाताच्या उंचीवर त्याला एक भोक पडलेलं होतं आणि त्या भोकातून हिरवा तुकडा डोकावत होता. जगदीशचा हात नुकताच तिथे होता. दाराच्या फटीतून फेस बाहेर आला, पांढरा, संथ, अगदी ग्रे हेरनच्या जाहिरातीतला.

चंदाबाईंनी त्याच्या कोटाची बाही धरली. "चल," त्या म्हणाल्या, "दाराला हात लावू नकोस. चल बाहेर." आणि ज्या गुडघ्यांना गार्डनपर्यंत जाववत नव्हतं त्या गुडघ्यांनी त्यांनी मुलाला ओढत मागच्या दाराने बाहेर काढलं. दुसरी फुटली तेव्हा ते उंबऱ्यावर होते.

मागच्या फरसबंद पॅटिओवरच्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओल्या होत्या. त्यावर ते बसले. जगदीशने कोट काढून आईच्या खांद्यावर टाकला. हेल्मेट काढायचं त्याला सुचलं नाही. आत तिसरी आणि चौथी एकापाठोपाठ गेली.

कुंपणावरून शेजारच्या डेरेकचं डोकं वर आलं. "स्टार्टेड अर्ली, हॅव यू?" तो हसत म्हणाला. बॉनफायर नाइट, इथली फटाक्यांची रात्र, दोन दिवसांवर होती.

जगदीशने हातमोजा घातलेला हात हलवला. "येस, येस. फायरवर्क्स." डोकं खाली गेलं.

"काय म्हणाला तो?"

"फटाके का विचारत होता."

"आणि तू?"

"हो म्हणालो."

चंदाबाईंनी काजूची वाटी मांडीवर ठेवली. मागचं दार उघडंच होतं, आणि त्यातून वास येत होता.

"हा वास मला पहिल्याच दिवशी आला होता," चंदाबाई म्हणाल्या. "कपाट उघडल्या उघडल्या. नवसागर नव्हता, काळा गूळ नव्हता, पण आंबलेलं ते आंबलेलं. शंभर भट्ट्या फोडल्यात मी, मला वास कळत नाही होय? पण तू म्हणालास आलं. मी नाकाला म्हटलं, गप बस, जगू सांगतोय."

जगदीशला वाटलं, तिने ओरडावं. एकदा ओरडली की ते संपतं. पण त्या ओरडल्या नाहीत.

"माझ्यामुळे तुझं शील मोडलं," तो म्हणाला. "पाचवं."

"माझं?" त्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "माझं नकळत झालं रे. मनात नव्हतं ते मोडत नाही. तुझं मात्र काट्यावर मोजून झालंय." मग थोड्या वेळाने, "आणि पाचव्याचं काय घेऊन बसलास? चौथ्याचं बोल. खोटं न बोलण्याचं. ऊन आलंय म्हणे! गॅसचा वास म्हणे! मी तिथे भिंतीला टेकून बसलेली, आणि तू बॉयलर सांगत होतास."

भीती बाटल्यांची होती तोपर्यंत तिला संख्या होती. चोवीस. आता तिला संख्या राहिली नव्हती.

"मेले असते तर?" चंदाबाईंनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

"सांगणार होतो."

"कधी?"

पाचवी फुटली. ते बरं झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याची त्याला लाज वाटली.

"किती वर्षं पितोस?"

"चार."

"भावनाला माहितीये?"

"नाही."

"म्हणजे मला एकटीलाच नाही फसवलंस," त्या म्हणाल्या. "बरं."

आभाळ खाली येत होतं. चार वाजत आले होते आणि इथे नोव्हेंबरात चारनंतर दिवस उरत नाही. घरात एकोणीस शिल्लक. उद्या अकराला समोरच्या खोलीत अठरा माणसं आणि चार पोरं येणार होती, आणि पोरं लपाछपी खेळली की आधी जिन्याखालच्या कपाटात शिरतात. हे जगदीशला आत्ता आठवलं. आईने आज जर काही सांगितलंच नसतं तर. चहाबरोबर सहज विषय निघाला नसता तर.

"फोन लाव," चंदाबाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"शशिधरभाऊंना. उद्या वंदना इथे होणार नाही म्हणून सांग."

शशिधर मंडळाचे अध्यक्ष होते, पंच्याहत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. जगदीशला त्यांनी सेक्रेटरी केलं तेव्हा म्हणाले होते, असा पोरगा प्रत्येक गावात हवा. जगदीशने हातमोजे काढले. बोटं गारठल्याने नंबर दोनदा चुकला.

"काय सांगू? बॉयलर—"

आईने नुसतं बघितलं.

"स्पीकरवर टाक," त्या म्हणाल्या.

तीन रिंगा गेल्या. "जय भीम, जगदीश! बोल, चटया कमी पडतायत का?"

"जय भीम, काका." त्याचा आवाज त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला. "उद्याची वंदना आमच्याकडे नाही जमणार. घरात बिअरच्या बाटल्या फुटतायत. मी केलेली बिअर. जिन्याखाली ठेवली होती."

काकांच्या मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कोणीतरी बंद केला. जगदीशने फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. तेवढ्यात सहावी फुटली आणि ती शशिधरकाकांनाही ऐकू गेली.

"लागलं का कोणाला?" ते म्हणाले.

"नाही."

"चंदाबाई कुठायत?"

"इथेच आहे भाऊ," चंदाबाई फोनकडे वाकल्या. "जय भीम. उद्या तुमच्याकडे ठेवा. खीर मी तिथेच येऊन करते. आणि वंदनेआधी मला दोन मिनिटं बोलायचंय, सगळ्यांसमोर."

"या, या. बोला की." काका म्हणाले. "आणि पंचशील कोण सांगणार?"

चंदाबाईंनी जगदीशकडे बघितलं, तो उत्तर देईल म्हणून. "ते उद्या बघू भाऊ," म्हणून त्यांनीच फोन बंद केला.

"तू काय बोलणार आहेस उद्या?" जगदीशने विचारलं.

"माझं सांगणार. एक बोट. चाखलं, कडू लागलं, साखर घातली." त्यांनी कोट गळ्याशी ओढून घेतला. "तुझं मी नाही सांगणार. माझ्या शेजारी बस फक्त."

भावनाची गाडी यायला अजून चार तास होते. घराचे सगळे दिवे बंद, मागचं दार उघडं, आणि आत अठरा बाटल्या.